प्लूटो सापडायच्या १९ वर्षं आधी त्याचं अंतर मांडणारे व्यंकटेश केतकर, त्यांचं नेमकं काय बरोबर होतं?

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून एकदा तरी एक मेसेज फिरतो. प्लूटोचा शोध अमेरिकेने लावला हे खोटं, त्याच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने ब्रह्मा नावाचा ग्रह शोधला होता आणि गोऱ्यांनी श्रेय लाटलं, असा त्याचा सूर असतो.

मेसेज वाचून अर्धे लोक हात जोडणारी इमोजी टाकतात. उरलेले अर्धे म्हणतात, फेकाफेकी आहे.

खरं सांगायचं तर दोघंही थोडे थोडे चुकतात. कारण तो माणूस खरा आहे, त्याने मांडलेला आकडा खरा आहे आणि तो छापून आला हेही खरं आहे. फक्त त्या आकड्याचा अर्थ मेसेजमध्ये सांगतात तो नाही. आणि जो आहे तो जास्त भारी आहे. कारण त्या आकड्याचा माग काढत गेलं की धूमकेतू आणि लघुग्रह यांच्यात खरंच फरक आहे का, या प्रश्नापाशी आपण पोचतो.

त्या माणसाचं नाव व्यंकटेश बापूजी केतकर.

केतकरांचा जन्म १८५४ सालचा, नरगुंदचा. आज हे गाव कर्नाटकात आहे. तेव्हा तिथे भाव्यांचं छोटं संस्थान होतं आणि वडील बापूशास्त्री हे तिथले नावाजलेले ज्योतिषी. म्हणजे ग्रहगणित घरातच होतं.

केतकर चार वर्षांचे होते तेव्हा, १८५८ मध्ये, नरगुंदचे राजे बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. बंड मोडलं, बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली आणि संस्थान खालसा झालं. ज्या राजाच्या आश्रयावर शास्त्री-पंडितांची घरं चालायची, तो आश्रयच गेला.

मग पुढच्या पिढीने काय करायचं? केतकरांनी इंग्रजी शिक्षण घेतलं आणि १८७४ मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात मास्तरकी धरली. पुढे ते बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर झाले. एका बाजूला वडिलांकडून आलेलं संस्कृत ज्योतिष आणि दुसऱ्या बाजूला युरोपातलं नवं खगोलगणित. दोन्ही वाचता येणारी माणसं त्या काळात फार थोडी होती. केतकर त्यातले एक.

आता त्या वेळी अडचण काय होती ते बघू.

महाराष्ट्रातली पंचांगं तेव्हा बहुतेक करून ग्रहलाघव या ग्रंथावरून तयार व्हायची. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० मध्ये लिहिला. ग्रंथ अफलातून होता, किचकट गणित टाळून ग्रह काढता यायचे. पण कुठल्याही गणितात बारीकशी चूक राहतेच आणि साडेतीनशे वर्षांत ती साठत जाते. घड्याळ रोज एक सेकंद मागे पडलं तर आज कळत नाही, पण दहा वर्षांनी ते तासभर मागे असतं. तसंच हे.

परिणाम असा की पंचांगात ग्रह एका जागी आणि आकाशात दुसऱ्या जागी. ग्रहणाची वेळ छापलेली एक आणि प्रत्यक्ष लागायची दुसरी.

ही गोष्ट केरो लक्ष्मण छत्र्यांनी आधी ओळखली होती. त्यांनी नव्या गणिताचं पंचांग सुरूही केलं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाचा सगळा इतिहास लिहून काढला. केतकर याच रांगेतले. त्यांनी काम घेतलं ते सगळ्यात मेहनतीचं. युरोपातली नवी निरीक्षणं आणि कोष्टकं घ्यायची, ती आपल्या पद्धतीत बसवायची आणि संस्कृत श्लोकांत मांडायची, म्हणजे पंचांग करणाऱ्या शास्त्र्याला ती वापरता येतील. ज्योतिर्गणित, केतकी ग्रहगणित, वैजयंती असे त्यांचे एकामागून एक ग्रंथ आले. मराठीतही त्यांनी लिहिलं.

कॅल्क्युलेटर नव्हता, कॉम्प्युटर नव्हता. शाळा सुटल्यावर बसून हाताने केलेली ही आकडेमोड आहे.

यातूनच एक मोठा वाद उभा राहिला. राशिचक्र नेमकं कुठून मोजायचं? एक पक्ष म्हणायचा, रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापासून. दुसरा पक्ष म्हणायचा, चित्रा तारा बरोबर समोर, म्हणजे १८० अंशांवर धरायचा आणि त्यावरून सुरुवात ठरवायची. दोन्हींत फरक साधारण चार अंशांचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सूर्य दिवसाला सुमारे एक अंश सरकतो. म्हणजे संक्रांतीत चार दिवसांचा फरक पडतो आणि अधिक महिना वेगळा आला तर सण महिनाभर पुढेमागे जातो.

रेवतीच्या बाजूला खुद्द लोकमान्य टिळक होते. पंचांगाच्या प्रश्नावर १९०४ मध्ये मुंबईत आणि पुढे सांगलीत परिषदा भरल्या. केतकरांनी बाजू घेतली चित्रेची. टिळकांसमोर उभं राहून गणिताच्या जोरावर वेगळं मत मांडायचं, हे त्या काळात सोपं नव्हतं.

पुढे काय झालं? स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिने १९५५ च्या अहवालात चित्रापक्ष धरला. आज महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं चित्रापक्षीय आहेत. टिळक पंचांग पाळणारी काही घरं अजून आहेत, त्यांची संक्रांत १० जानेवारीला येते.

म्हणजे अंधेरीतल्या वन बीएचकेच्या स्वयंपाकघरात भिंतीवर जे कॅलेंडर लटकतंय, त्यातली संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, त्यामागच्या वादात केतकरांनी आयुष्य घातलंय.

आता येऊ त्या व्हायरल आकड्याकडे.

साल १९११. आदल्याच वर्षी हॅलेचा धूमकेतू येऊन गेला होता. पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार म्हणून जगभर लोक घाबरले होते आणि काही झालं नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडला होता. सूर्यमालेचा शेवटचा माहीत असलेला ग्रह तेव्हा नेपच्यून. त्याच्या पलीकडे काही आहे का, याची खगोलशास्त्रज्ञांत चढाओढ चालली होती.

त्या वर्षी फ्रान्सच्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत केतकरांचा लेख आला. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असं त्यांनी मांडलं. त्यांना नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर त्यांनी काढलं पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट आणि सूर्याभोवती फिरण्याचा काळ २४२.२८ वर्षं.

१८ फेब्रुवारी १९३० ला अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ या २४ वर्षांच्या पोराला फोटोंच्या काचांवर एक सरकणारा ठिपका दिसला. तोच प्लूटो. त्याचं सरासरी अंतर निघालं ३९.४८ पट आणि काळ २४८ वर्षं.

३८.९५ आणि ३९.४८. २४२ आणि २४८. इतकं जवळ!

प्लूटोची बातमी जगाला कळली मार्च १९३० मध्ये. त्याच वर्षी केतकर गेले.

इथे मेसेज संपतो. आपण पुढे जाऊ.

पहिली गोष्ट, इथे दोन आकडे जुळलेले दिसतात, पण तो खरं तर एकच आहे. ग्रह सूर्यापासून किती लांब आहे यावरून त्याला फेरीला किती वेळ लागणार हे केप्लरच्या नियमाने आपोआप ठरतं. अंतर बरोबर आलं की काळ बरोबर येणारच.

दुसरी गोष्ट, केतकरांचे जुळलेले आकडे आहेत ते अंतराचे आणि काळाचे. दुर्बीण कुठे वळवायची हे त्या आकड्यांवरून कळत नाही. त्यामुळे याला शोध म्हणता येत नाही आणि श्रेय कुणी लाटलं असंही म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट, विष्णू कधी सापडला नाही.

आणि यात केतकर एकटे नाहीत. ज्यांच्या नावाची वेधशाळा होती त्या पर्सिव्हल लॉवेल यांनीही गणित करून एक मोठा ग्रह असल्याचं मांडलं होतं. प्लूटो सापडला तो त्याच शोधमोहिमेत. पण पुढे कळलं की प्लूटो आपल्या चंद्राहूनही लहान आहे, नेपच्यून आणि युरेनसला ओढण्याएवढी त्याची ताकदच नाही. १९८९ मध्ये व्हॉएजर-२ यान नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वस्तुमान नीट मोजलं गेलं आणि ज्या गडबडीसाठी नवा ग्रह हवा होता ती गडबडच उरली नाही. म्हणजे लॉवेल यांचं जुळणंही योगायोगच.

मग केतकरांचं बरोबर काय होतं?

त्यांची कल्पना. ते आकडा काढायला गेले ते गुरूच्या चंद्रांवरून. गुरूचे तीन चंद्र आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांच्या फेऱ्या एकमेकांशी बांधलेल्या आहेत. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने हे नातं मांडलं होतं. केतकर म्हणाले, युरेनस, नेपच्यून आणि त्यापलीकडचे ग्रहही असेच एका तालात बांधलेले असले पाहिजेत. याला अनुस्पंदन म्हणतात.

आणि प्लूटो खरंच तालात निघाला. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या बरोबर दोन.

समजायला सोपं करून सांगतो. मुलुंडच्या एखाद्या बागेतला जॉगिंग ट्रॅक घ्या. एक मुलगी पळतेय, एक काका चालताहेत. तिच्या तीन फेऱ्यांत काकांच्या दोन. असा ताल पक्का असेल तर ती काकांना दर वेळी ट्रॅकच्या एकाच जागी मागे टाकणार. दुसरीकडे कुठेही त्यांची गाठ पडणार नाही.

प्लूटोचं असंच आहे. त्याची कक्षा काही काळ नेपच्यूनच्या आत येते, तरी टक्कर होत नाही. कारण दोघं जवळून जातात तेव्हा प्लूटो नेहमी त्याच्या कक्षेच्या लांबच्या टोकाकडे असतो. ताल त्याला वाचवतो.

पण हाच ताल दुसरीकडे उलटं काम करतो.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. १८६६ मध्ये डॅनियल किर्कवूड या अमेरिकन गणितज्ञाच्या लक्षात आलं की त्या पट्ट्यात मध्येमध्ये रिकाम्या जागा आहेत. जिथे लघुग्रहाच्या तीन फेऱ्यांत गुरूची एक फेरी होईल, तिथे जवळपास कुणीच नाही. कारण गुरू त्याच त्या जागी धक्का देत राहतो. झोपाळ्याला दर वेळी नेमक्या क्षणी ढकललं तर तो उंच जातो, तशी त्या लघुग्रहाची कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी तो पट्ट्यातून बाहेर फेकला जातो. त्यातले काही पृथ्वीच्या वाटेवर येतात. बुलडाण्याचं लोणार सरोवर म्हणजे आकाशातून आलेल्या अशाच एका पाहुण्याने बेसॉल्टच्या खडकात पाडलेला पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा.

म्हणजे केतकरांनी ज्या तालावर भरवसा ठेवला, तोच ताल ठरवतो की कोण सुरक्षित राहणार आणि कोण फेकलं जाणार.

आता मूळ प्रश्न. धूमकेतू आणि लघुग्रह यांच्यात फरक काय?

शाळेत शिकलो ते असं की लघुग्रह म्हणजे दगड, धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ. लघुग्रह मंगळ-गुरूच्या मधले, धूमकेतू लांबून येणारे. दगडाला शेपूट नाही, बर्फाला शेपूट फुटते.

याचं कारण सूर्यमाला तयार होतानाचं आहे. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्याभोवती धूळ आणि वायूची तबकडी होती. सूर्याजवळ पाणी वाफ होऊन राहिलं, लांब ते गोठलं. त्यामुळे आत बनले ते गोळे दगडाधातूचे आणि बाहेर बनले ते बर्फाळ. बाहेरच्यांपैकी एखादा कधी सूर्याकडे ढकलला गेला की त्याचा बर्फ वाफ होऊन उडतो, सोबत धूळ उडते आणि आपल्याला शेपूट दिसते.

ही झाली ढोबळ विभागणी. पण आकाशाने ती पाळली नाही.

१९७७ मध्ये शनी आणि युरेनसच्या मध्ये कायरॉन सापडला. नोंद झाली लघुग्रह म्हणून. पुढे त्याच्याभोवती धूमकेतूसारखं धुकं दिसलं. आज त्याच्याकडे लघुग्रहाचाही नंबर आहे आणि धूमकेतूचाही.

एल्स्ट-पिझारो तर थेट लघुग्रहांच्या पट्ट्यात राहतो. १९७९ मध्ये तो लघुग्रह म्हणून दिसला आणि १९९६ मध्ये त्याला शेपूट असलेली दिसली. पट्ट्यात असे आणखी सापडले, तेव्हा त्यांना पट्ट्यातले धूमकेतू असं नावच पडलं. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्यातल्या रीड नावाच्या धूमकेतूभोवती पाण्याची वाफ पकडली. म्हणजे दगडांच्या वस्तीत बर्फ निघाला.

उलटंही आहे. दर वर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव दिसतो. अंधेरी-घाटकोपरच्या दिव्यांत काही दिसत नाही, म्हणून हौशी मंडळी कर्जतची लोकल पकडून वांगणीला जातात आणि सतरंजी टाकून रात्रभर जागतात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी सोडलेल्या धुळीचे असतात. पण या वर्षावाचा जनक निघाला फेथॉन. तो १९८३ मध्ये सापडला आणि दिसतो अगदी लघुग्रहासारखा, दगडाचा.

म्हणून आज शास्त्रज्ञ या दोघांकडे दोन वेगळ्या जाती म्हणून बघत नाहीत. एका टोकाला कोरडा दगड, दुसऱ्या टोकाला बर्फाचा गोळा आणि मधे सगळ्या छटा. कोण काय होणार हे ठरतं तो कुठे बनला, त्यात बर्फ किती उरला आणि आज तो सूर्याच्या किती जवळ जातो यावर. बर्फ संपलेला धूमकेतू लघुग्रहासारखा दिसतो. आत बर्फ लपवलेल्या लघुग्रहाला धक्का बसून कवच फुटलं तर तो धूमकेतूसारखा वागतो.

आणि ब्रह्माचं, म्हणजे प्लूटोचं काय? १९९२ पासून नेपच्यूनच्या पलीकडे एकामागून एक बर्फाळ गोळे सापडायला लागले. त्याला कायपर पट्टा म्हणतात. वारंवार येणारे बरेचसे धूमकेतू त्याच भागातून निसटून येतात. प्लूटो हा त्याच वस्तीतला एक मोठा रहिवासी. त्याला उचलून सूर्याजवळ आणलं तर त्यालाही शेपूट फुटेल. नेपच्यूनशी तीनास दोन या तालात बांधलेले त्याच्यासारखे शेकडो गोळे आता माहीत आहेत. २००६ मध्ये प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह केलं, त्यामागचं मोठं कारण हेच. तो एकटा नव्हता.

असं आधीही घडलंय. १८०१ मध्ये सेरेस सापडला तेव्हा तोही काही दशकं ग्रहच होता. मग त्याच्या आजूबाजूला इतर सापडत गेले आणि तो लघुग्रह झाला. आज तोही बटुग्रह आहे.

केतकरांनी ग्रह शोधायचा म्हणून हिशेब मांडला. त्या अंतरावर ग्रह नव्हता, धूमकेतूंचं आजोळ होतं.

मग त्यांना मोठं म्हणायचं की नाही? म्हणायचं. पण प्लूटोसाठी नाही. १९२३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने त्यांचा कालगणनेवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ छापला. इसवी सनापूर्वी ३१०२ ते इसवी सन २१०० पर्यंतच्या तारखांची कोष्टकं त्यात आहेत. जुना शिलालेख किंवा ताम्रपट सापडला की त्यावरची तिथी आपल्या तारखेत कुठे बसते हे अशा कोष्टकांवरून निघतं. तेव्हा केतकरांचं वय सत्तरीला टेकलं होतं.

आपल्या परंपरेचा त्यांना अभिमान होता, म्हणूनच तिच्यातला आकडा आकाशाशी जुळत नाही हे दिसल्यावर त्यांनी आकडा बदलला. आकाश चुकतंय असं ते म्हणाले नाहीत.

पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज आला तर नुसती इमोजी टाकू नका आणि थट्टाही करू नका. केतकरांनी खरंच काय केलं ते सांगा. आकडा तपासून घेतलेला त्यांना नक्कीच आवडला असता.